हिरव्या लुगड्याचा रंग कुणी काढला

माझ्या धाकट्या बहिणीनं मला सांगितलं व्हतं, "आता तुझ्या उंबऱ्याला पाय लावीन तर तू मेल्यावरच." आईच्या दहाव्याला सांगितलं, माहेरच्या अंगणात, निरवांगीला, चार माणसांदेखत. म्या म्हणलं, "तवा तरी कशाला येतीस? नगंच येऊस." तितनं आमचा अबोला. तिनं बी पाळला, म्या बी पाळला. मधी तिचा दादला गेला, माझा मालक गेला. कुणी कुणाच्या दारात गेलं न्हाय.

भांडण आईच्या मयतावरनं. बहिणीला गावातच दिल्याली, ती आईजवळ. मला दिली लोणी भापकरला. आई गेली सकाळच्या पारी. निरोप माझ्यापातूर आला तवा मी दुसऱ्याच्या रानात खुरपत व्हते. खुरपं तितंच टाकलं, अंगावरच्या लुगड्यानिशी निघाले. बारामतीत यष्टी बदलायची, तर गावाकडची गाडी घावंना. जितपातूर गाडी मिळाली तितपातूर गाडीनं, पुढं चालत. गाव जवळ आल्यावर एक म्हातारा समोरनं आला. म्हणला, "पोरी, आता सावकाश चाल." येवढंच म्हणला. मला कळलं. नदीकडं बघितलं तर धूर निघत व्हता.

मला आईचं तोंड दिसलं न्हाय. बहीण म्हणली, "ऊन व्हतं. किती येळ ठेवायचं? तुझी वाट कोण बघणार?"

म्या म्हणलं, "म्या बघितली असती तुझी."

त्याच्यावरनं वाढलं ते वाढलंच. ही गोष्ट आधी सांगितली कारण पुढची तिच्याबिगार कळायची न्हाय.

आता मी जळोचीला लेकाकडं ऱ्हाते. लेक एमआयडीसीत कंपनीला हाय, सून साळंत मास्तरीण. घरात नळ हाय, फरशी हाय, गॅस हाय. माझं आन् सुनंचं जमत न्हाय. त्यात काय विशेष न्हाय. ती तिच्या जागी, मी माझ्या जागी, मधी भात शिजतो.

तर सुनंला बारामतीत मास्तर लोकांच्या ट्रेनिंगात प्रेझेंटेशन द्यायचं व्हतं. म्हंजे भिंतीवर एकामागं एक पानं दावायची आन् समोर हुबं ऱ्हाऊन बोलायचं. इषय काय, तर आजीच्या तोंडनं दुष्काळ. ती मला म्हणली, "आत्या, तुम्ही दुष्काळात खडी फोडायला जात होता ना, ते मोबाईलसमोर सांगा. पोरांना कळायला पाहिजे."

"पोरांना कळून काय? ती काय खडी फोडणार हायेत?"

"आत्या, प्रत्येक गोष्टीला आडवं लावायचंच का?"

"लाव तुझा मोबाईल," म्या म्हणलं.

मी मुद्दाम हिरवं लुगडं नेसले. मालक गेल्यावर समद्यांनी सांगितलं, आता हिरवं नेसू नगं. म्या आयकलं न्हाय. रान हिरवं असलं तर लोकं वाकून बघत्यात, पांढऱ्या कपाळाची बाई हिरवी दिसली की थुकत्यात. थुकू द्या. लुगडं मी माझ्या मजुरीचं घेतल्यालं. सुनंनं लुगडं बघितलं आन् तोंड केलं.

मी सांगितलं जसं व्हतं तसं. मी लग्नाच्या वयाची, बहीण परकरी पोर. दोघी एका ढिगावर बसायचो. हातोडा एकच, आळीपाळीनं. ती मारताना मी दगूड धरायची, मी मारताना ती. दगडाची कपची उडून एका बाईचा डोळा गेल्याला आमी बघितला व्हता. तवापसनं घाव घालताना डोळं गच्च मिटायची सवय लागली मला. मिटूनच मारायचं. बहिणीची बोटं दगडावर, तरी मिटूनच. तिचं एक बोट बी म्या कधी ठेचलं न्हाय. कामावर सरकारची सुकडी खायला मिळायची, ती निम्मी खायची, निम्मी पदराला बांधून आईला न्यायची. हे म्या मोबाईलसमोर सांगितलं, आन् घाव कसा घालायचो ते हात वर करून दावलं. बहिणीचं नाव घेतलं न्हाय. "दुसरी एक व्हती," म्हणलं.

दुसऱ्या दिशी सून टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली. मी जवळ पाटी घेऊन मेथी निवडत व्हते. त्यात मी दिसले. पानाच्या मधी चौकोनात बसल्याली, हिरवीगार. बरी दिसत व्हते.

मंग तिचं सुरू झालं. व्हिडिओवर बोट मारलं की वर एक पट्टी उघडती, त्यात नाना तऱ्हा. आदी तिनं मला सोनेरी चौकट लावली. चौकट काढली, खाली सावली पाडली. सावली काढली, मंग खाली माझंच उलटं तोंड आलं, पाण्यात बघितल्यावानी. म्या म्हणलं, "मला हिरीत कशाला हुबी केलीस?" तिनं ते काढलं. मंग तिरकी केली, येका अंगानं पडल्यावानी. ते बी काढलं.

मंग तिनं एक बारीक चौकोन दाबला आन् माझा समदा रंगच गेला. लुगडं राखंच्या रंगाचं झालं. तोंड बी तसलंच.

"रंग कुठं गेला?"

"काढला. जुन्या काळातलं वाटायला हवं ना, आत्या. इफेक्ट म्हणतात याला."

"जुन्या काळात आमी काळंपांढरं न्हवतो. बोटाला लागलं तर तवा बी लालच निघायचं."

ती हसली न्हाय. चौकोनाचा तिनं आंडागत गोल केला. त्या गोलात नुसतं माझं तोंड मावलं.

"हात कुठं गेलं माझं?"

"हात नकोत. चेहरा महत्त्वाचा असतो."

"खडी म्या तोंडानं फोडली व्हय?"

"आत्या, तुम्ही मेथी निवडा."

मंग तिनं त्या गोलाच्या कडा धुरकट केल्या. म्हणली, कडा मऊ केल्या की बघणाऱ्याच्या मनात भाव दाटतो. मी बघत व्हते. माझ्या भवतीनं पांढरं पांढरं धुकं, मधी मी. कोपऱ्यात तिनं समईचं चित्र टाकलं. वर मोठ्या अक्षरात काय तरी लिहिलं. मी दुसरीपातूर साळंत गेल्याली, जोडाक्षर मला फुटत न्हाय. तिनं वाचून दावलं, "स्मृतींच्या उजेडात." आन् व्हिडिओ सुरू व्हायच्या आदी जे चित्र थांबून ऱ्हातं ना, ते तिनं निवडलं माझं डोळं मिटल्यालं. घाव घालतानाचं. हात तर तिनं आधीच कापल्यालं, नुसतं मिटल्यालं डोळं उरलं. म्हणली, "किती शांत दिसताय."

मी पाटी खाली ठेवली. "मला खरं सांग. हिरव्याची लाज वाटली का तुला?"

"तसं काही नाही," ती म्हणली. पर मान वर केली न्हाय. म्हंजे तसंच व्हतं.

ट्रेनिंगात म्हणं टाळ्या पडल्या. दोन बाया रडल्या. सून घरी आली ती फुलून आली. तिनं ती पानं मास्तर लोकांच्या ग्रुपवर टाकली, तितनं कुणी कुणी आपल्या स्टेटसला लावली. आन् फिरत फिरत ते गेलं निरवांगीच्या ग्रुपवर, माझ्या भाच्याच्या मोबाईलवर. भाचा म्हंजे बहिणीचा लेक. पोरांचं आपसात बोलणं व्हतं, अबोला आमच्या दोघींचाच.

भाचा उसाला पाणी धराय गेल्याला. मोबाईल घरात चार्जिंगला. बहिणीनं बघितला. रेंज कमी, व्हिडिओ काय हालंना, नुसतं ते थांबल्यालं चित्र. काळंपांढरं तोंड, मिटल्यालं डोळं, भवतीनं धुकं, कोपऱ्यात समई. आमच्या भागात चौकाचौकात फ्लेक्स असत्यात. जित्या माणसाचा फ्लेक्स रंगीत, गळ्यात साखळी, डोळ्याला गॉगल. काळंपांढरं चित्र आन् समई असली की लहान पोर बी सांगंल, ह्यो गेला. तिला वाचाय कशाला पायजे?

भाचा रानातनं आला, त्यानं बघितलं. त्याला तर वाचता येतं. त्यानं वाचलं "स्मृतींच्या", पुढचं वाचलं न्हाय आन् खाली श्रद्धांजली लिहून दोन जोडल्यालं हात टाकून दिलं. आजकाल माणूस कोण गेलं ते बघायच्या आदी हात जोडत्यात.

आमच्याकडं हे काय ठावं न्हाय. रविवार व्हता. लेक कंपनीत, त्याचा मोबाईल आत नेऊ देत न्हाईत. मी भाकरी थापत व्हते. सुनंचा फोन वाजला. तिनं कानाला लावला, आन् मला गॅसपातूर आयकू आलं, कोण तरी बाई वरडती, "उचलू नका! उचलू नका वो, मी निघालेय!" आन् बंद झाला.

सून म्हणली, "आत्या, फसवणुकीचे फोन कसले कसले येतात बघा. फोन करते आणि म्हणते उचलू नका."

परत वाजला. सून म्हणली, "बाई एवढी सांगतेय तर नाही उचलत." आन् हसत ठेवून दिला. परत वाजला, वाजून वाजून गप झाला.

आमच्यात मयताला आलेली बाई दारात आल्यावर गळा काढत न्हाय, गल्लीच्या तोंडापसनंच काढती. भाकरी उरकून मी पीठ झाडत व्हते. गल्लीच्या तोंडाला जीपगाडी थांबल्याचा आवाज आला, आन् मागनं रडणं.

"अगं माझ्या अक्के गं! मला न सांगता कशी गेलीस गं!"

इतक्या वर्सांनी आयकला, पर आवाज वळखला. आदी मनात आलं, ही कुणाला रडती? मंग ध्यानात आलं, तिला अक्का एकच हाय.

मी पिठाच्या हातानं दारात येऊन हुबी ऱ्हायले. ती पदर तोंडात धरून, भाच्याला मागं टाकून, पळत आली. शेजारणी गॅलरीतनं वाकल्या. ती फाटकातनं आत आली, पायरी चढली, उंबऱ्यात पाय टाकला आन् वर बघितलं.

सूर व्हता तसा गळ्यात ऱ्हायला.

"जिती हायेस?"

"तुला दिसत न्हाय?"

"मंग मेलंय कोण?"

"मला काय इचारतीस? रडत तू आलीस."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "तुझ्या जिनगानीचं वाटुळं झालं! तितनं हितपातूर छाती बडवत आणली मला! मेली न्हायेस तर सांगायचं न्हाय?"

"काय सांगू? रोज सकाळी उठून निरोप धाडू का, अजून हाय म्हणून?"

"तुझी जीब अजून तशीच हाय."

"तुझा पाय बघ आदी," म्या म्हणलं. तिचा एक पाय उंबऱ्याच्या आत व्हता, एक भाईर. "मेल्यावर येणार व्हतीस न्हवं?"

तिनं खाली बघितलं. "काढते."

"काढ."

तिनं काढला न्हाय. मी बी बाजूला सरले न्हाय. मागनं भाचा आला, मला बघून त्याचं तोंड उतरलं. "मावशी, गावाच्या ग्रुपला व्हतं की वो..." म्हणून त्यानं मोबाईल पुढं केला. सून भाईर आली, तिनं त्यात बघितलं आन् ती बी पांढरी पडली. तिचंच पान, खाली भाच्याचं जोडल्यालं हात, त्याच्याखाली आणिक धा जणांचं.

बहीण तिच्यावर गेली. "जित्या सासूला मारलीस व्हय गं, मास्तरीणबाई? दम धरवंना तुला?"

"मावशी, तो नुसता इफेक्ट आहे," सून म्हणली.

"कुणाला झाला? मला झाला! जीपगाडीत दोनदा चक्कर आली!"

शेजारणी हसाय लागल्या. सुनंच्या डोळ्यात पाणी आलं. मला तिची कीव आली न्हाय. ती आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली आन् बहिणीपुढं धरलं.

"नगं," बहीण म्हणली. "मयताच्या घरचं पाणी पीत न्हाईत."

"मयत झाल्यालं न्हाय," म्या म्हणलं.

"मी तर मयतालाच आल्याली हाय."

तांब्या तितंच उंबऱ्याजवळ ऱ्हायला. मंग माझ्या डोक्यात त्यो फोन आला.

"फोनवर तूच वरडत व्हतीस?"

"मंग कोण?"

"काय उचलू नका म्हणत व्हतीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय. रस्त्याकडं बघितलं. "तुला. मी येईस्तवर उचलू नका, म्हणत व्हते. तोंड बघायचं व्हतं."

मला जे बोलायचं व्हतं ते इतकी वर्सं माझ्या जिबंवर तयारच व्हतं. "आज बी ऊन हाय की," म्या म्हणलं. "किती येळ ठेवायचं?"

"बोल," ती म्हणली. "बोलून घे."

"बोलले."

"गाडीत पोराला म्हणत व्हते, पळीव, ती लोकं थांबणार न्हाईत. मी तरी कुठं थांबले व्हते." येवढं म्हणून तिनं नाक शिंकरलं. माफी मागितली न्हाय. म्या मागायला लावली न्हाय. मागितली असती तर म्या काय केलं असतं मला ठावं न्हाय, तवा बरंच झालं.

मी सुनंकडं वळले. "तुझं ते मशीन आण. समदं काढ माझ्या अंगावरचं."

तिनं टेबलावर लॅपटॉप उघडला. बहिणीनं दुसरा पाय कवा आत घेतला ते मला कळलं न्हाय, बघितलं तर माझ्या मागं हुबी. सून म्हणली, "आत्या, एकदम सगळं काढायचं बटण आहे."

"न्हाय. लावताना एकेक लावलंस, काढताना बी एकेक."

आदी धुकं गेलं. कडा सरळ झाल्या. बहीण म्हणली, "लांब असताना बरी दिसत व्हतीस." मंग आंडा गेला, चौकोन आला, आन् त्यात माझं हात आलं. डोक्याच्या वर, मुठी आवळल्याल्या.

बहीण पुढं आली. मला कोपरानं ढकलूनच आली. "थांब गं," सुनंला म्हणली. "हे कधीचं हाय?"

"परवाचंच, मावशी. त्या सांगत होत्या..."

"हे मेल्यालं तोंड न्हाय. ही घाव घालती." तिनं पडद्याला बोट लावलं, माझ्या मुठीखाली, जितं काय न्हवतं तितं. "हितं माझा हात असायचा. ही डोळं झाकून मारायची. मी वरडायची, अक्के, डोळं उघड, माझी बोटं हायेत! ही आयकायची न्हाय."

"ठेचलं का एक तरी?" म्या म्हणलं.

"न्हाय ठेचलं. पर भ्या लई घातलंस."

सून हळूच म्हणली, "मावशी, डोळे उघडे असलेलं चित्र लावते सुरुवातीला."

"मिटल्यालंच ऱ्हाऊ दे. हात ठेव म्हंजे झालं. हात कापून ठेवल्यावर माणसानं काय वळखायचं?"

मंग रंग आला. एका दाबात माझं लुगडं हिरवं झालं. बहीण बघतच ऱ्हायली. मी वाटच बघत व्हते.

"हिरवं नेसतीस अजून?"

"नेसते."

"लाज न्हाय."

"न्हाय."

ती सुनंला म्हणली, "ठेव तसंच. काळ्यापांढऱ्यात मेल्यावानी दिसती."

समई सुनंनं आपणहून काढली. वरचं नाव बी काढलं. तितं काय लिहू म्हणून इचारलं, तर बहीण म्हणली, "लिव्ह, दोघी खडी फोडायच्या." सुनंनं माझ्याकडं बघितलं. व्हिडिओत तर म्या 'दुसरी एक व्हती' म्हणलेलं. म्या म्हणलं, "लिव्ह की. दोघीच व्हतो."

बहीण निघाली. दारातल्या नळावर तिनं तोंड धुतलं, चूळ भरली, मयताचं जे काय व्हतं ते तितं थुकून टाकलं. मंग परत पायरी चढून आली, उंबऱ्याजवळचा तांब्या उचलला आन् हुब्यानं घटाघट प्याली. रिकामा तांब्या माझ्या हातात दिला.

"मेल्यावर यायचं माझं झालं आता," ती म्हणली. "परत मेलीस तर मी येणार न्हाय."

"नगं येऊस."

"आता पाळी तुझी. जितेपणी आलीस तर भाकरी मिळंल. मेल्यावर आलीस तर पाणी बी न्हाय."

"आन् तू आदी गेलीस तर उचलायची घाई करू नगं म्हणावं पोराला."

"त्याला सांगून ठिवते," ती म्हणली आन् जीपगाडीत बसली. गल्लीच्या तोंडापातूर मागं बघितलं न्हाय. बघणारच न्हाय ती, मला ठावं हाय.

भाच्यानं मोबाईलवरचं जोडल्यालं हात काढून टाकलं. बाकीच्यांचं तसंच हायेत. परवा बी बाजारात एक बाई मला बघून दचकली.

येत्या सुट्टीला मी निरवांगीला जायचं म्हणते. सून म्हणली, "मी पण येते आत्या, मोबाईल घेऊन. दोघींचा एकत्र व्हिडिओ काढू."

म्या म्हणलं, "ये. पर ह्या बारीला हात कापलंस, तर मोबाईल नीरा नदीत टाकीन."